गोळ्या त्याच, वेळा वेगळ्या: अंजायनाच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

त्रेसष्ट वर्षांच्या एका निवृत्त हिशेबनिसांना छातीतल्या दुखण्यासाठी माझ्याकडे पाठवण्यात आले, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत एकच प्रश्न होता. औषधे चालू असूनही अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने येणारे छातीतले दुखणे, वाढत चालला आहे, तर आता रॅनोलाझिन हे आणखी एक औषध जोडावे की थेट अँजिओप्लास्टीचा विचार करावा? प्रश्न रास्त होता. पण गृहस्थांनी चिठ्ठीबरोबर स्वतःची एक वहीही आणली होती आणि या प्रकरणाचे उत्तर बहुतांशी त्या वहीतच सापडले.

वहीत त्यांनी पाच रकाने आखले होते: तारीख, वेळ, काय करत होतो, दुखणे किती मिनिटे टिकले आणि जिभेखालची नायट्रोग्लिसरिनची गोळी घेतली की नाही. 'जिना, दुसरा मजला, ४ मिनिटे', 'चढ, पिशवी हातात, ६ मिनिटे', 'वाद झाला, ५ मिनिटे' अशा नोंदी पानामागून पान चालल्या होत्या. शेवटच्या रकान्यात जवळजवळ सर्वत्र एकच शब्द होता, 'नाही'.

दुखण्याचे वर्णन नेमके होते. छातीच्या मधोमध कोणीतरी मूठ आवळल्यासारखे वाटे, तो दाब डाव्या जबड्यापर्यंत जाई, चालणे थांबवले की काही मिनिटांत ओसरे. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनमध्ये अंजायनाचे जे वर्णन मांडले, त्यातही चालताना, विशेषतः चढावर, येणारे आणि थांबताच जाणारे हेच दुखणे होते. दीड वर्षापूर्वीच्या अँजिओग्राफीत उजव्या करोनरी धमनीच्या मध्यभागी सुमारे ८० टक्के अरुंदपणा दिसला होता. डावी मुख्य धमनी आणि तिच्या पुढच्या शाखेचा आरंभीचा भाग मोकळा होता, म्हणून औषधांवर राहण्याचा निर्णय झाला आणि वर्षभर तो उत्तम निभावला. त्रास वाढायला लागून चार महिने झाले होते.

वाढता अंजायना म्हटला की पहिली जबाबदारी औषधे बदलण्याची नसते. हा त्रास स्थिर प्रकारातलाच आहे की धमनीतली गाठ फुटून अस्थिर झाला आहे, हे आधी ठरवावे लागते. विश्रांतीत येणारे, वीस मिनिटांपेक्षा जास्त टिकणारे किंवा काही दिवसांत झपाट्याने वाढलेले दुखणे असते, तर त्यांना त्याच दिवशी दाखल करून घेतले असते. इथे तसे नव्हते. झोपेत किंवा बसल्याजागी एकदाही दुखले नव्हते, ईसीजी पूर्वीसारखाच होता, हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारे रक्तातले ट्रोपोनिन सामान्य होते, हृदयाची आकुंचनक्षमता ५८ टक्के होती. हिमोग्लोबिन १३.६ होते आणि थायरॉईडही ठीक होते; हे तपासले, कारण रक्तक्षय किंवा वाढलेले थायरॉईड हृदयावरचा भार गुपचूप वाढवतात आणि आपण मात्र दोष औषधांना देत बसतो. महाधमनीची झडप अरुंद नव्हती. रक्तदाब १३८/८४ होता. नाडी मात्र मिनिटाला ७८ होती, आणि मेटोप्रोलॉलसारखे ठोके मंदावणारे औषध, म्हणजे बीटा ब्लॉकर, घेणाऱ्या माणसाची नाडी विश्रांतीत ७८ असू नये.

मी विचारले, "मेटोप्रोलॉल रोज घेता ना?" त्यांनी जरा वेळ घेतला आणि म्हणाले, "घेतो, पण अर्धी. पूर्ण घेतली की पाय जड होतात, दिवसभर अंगात त्राण राहत नाही." पाच महिन्यांपूर्वी त्यांनी ५० मिलिग्रॅमची गोळी स्वतःच्या मनाने अर्धी केली होती. त्यानंतर महिन्याभरात दुखणे वाढले. ते वाढले म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट हे नायट्रेट गटातले औषध, २० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असे जोडून दिले. अर्ध्या केलेल्या गोळीबद्दल त्यांना कोणी विचारले नाही आणि यांनी आपणहून सांगितले नाही.

पुढचे सगळे निर्णय ज्यावर उभे आहेत, ते हृदयाचे गणित इथे सांगितले पाहिजे. शरीरातले बाकीचे बहुतेक स्नायू रक्तातला थोडाच ऑक्सिजन काढून घेतात आणि गरज पडली की जास्त काढतात. हृदयाचा स्नायू मात्र विश्रांतीतही समोरून जाणाऱ्या रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतो. त्यामुळे काम वाढले की त्याच्याकडे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे जास्त रक्त मागवण्याचा, आणि अरुंद धमनी नेमकी तिथेच आडवी येते. मागणी तीन गोष्टींनी वाढते: ठोक्यांची गती, आकुंचनाचा जोर आणि हृदयाच्या भिंतीवरचा ताण. हा ताण आतल्या दाबाबरोबर आणि कप्प्याच्या आकाराबरोबर वाढतो, म्हणजे हृदय जितके जास्त भरून फुगते तितकी त्याची भिंत जास्त ताणली जाते. अंजायनाचे कोणतेही औषध घ्या, ते मागणीच्या या तीनपैकी एखादी बाजू खाली खेचते, पुरवठा थोडा वाढवते किंवा असलेल्या ऑक्सिजनमध्ये पेशींचे काम अधिक काटकसरीने करून घेते.

मेटोप्रोलॉल ठोक्यांची गती आणि आकुंचनाचा जोर या दोन्हींवर काम करते. अॅड्रेनालिन ज्या बीटा-१ ग्राहींवर बसून हृदयाला पळवते, ते ग्राही हे औषध अडवते. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल घडवले, ते याच विचारातून. त्याआधीचे उपचार रक्तवाहिन्या रुंद करून पुरवठा वाढवण्याच्या मागे होते. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा धरला आणि हृदयाची मागणीच कमी करायचे ठरवले. १९८८ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. बीटा ब्लॉकरचा दुसरा फायदा पुरवठ्याच्या बाजूचा आहे आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. डाव्या कप्प्याचा स्नायू आकुंचन पावताना स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो, म्हणून त्याला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळते. नाडी ७८ असताना एका ठोक्याचे चक्र सुमारे ०.७७ सेकंदाचे असते. त्यातले आकुंचनाचे साधारण ०.३ सेकंद वजा केले तर विसाव्याला ०.४७ सेकंद उरतो. नाडी ६० वर आली की चक्र एका सेकंदाचे होते, आकुंचनाचा काळ थोडासाच वाढतो आणि विसाव्याला जवळजवळ ०.६७ सेकंद मिळतो. मिनिटाचा हिशेब केला तर हृदय कमी वेळा धडधडते आणि तरीही त्याला रक्त मिळण्याचा एकूण वेळ तीनेक सेकंदांनी वाढतो. हे गणित मी गृहस्थांना कागदावर मांडून दाखवले. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माणसाला ते एका मिनिटात पटले आणि "म्हणजे अर्धी गोळी करून मी हा वेळच कापला," हे त्यांनीच म्हटले.

त्यांनी गोळी अर्धीच केली, एकदम बंद केली नाही, हे त्यांचे सुदैव. बीटा ब्लॉकर दीर्घकाळ घेतल्यावर पेशींवरच्या ग्राहींची संख्या वाढलेली असते. औषध अचानक थांबवले की तेवढ्या सगळ्या ग्राहींवर अॅड्रेनालिन तुटून पडते आणि त्यातून हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. हे औषध बंद करायचे असेल तेव्हा ते आठवड्या-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते, ही गोष्ट रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी. त्यांना ती कोणी सांगितली नव्हती.

आता दुसरी चूक, जी मला या प्रकरणात सर्वात शिकवणारी वाटते. मोनोनायट्रेट सुरू झाल्यावर वहीतल्या नोंदी पहिले दहा दिवस एकदम विरळ झाल्या होत्या. एका आठवड्यात दुखण्याची फक्त तीन वेळा नोंद होती. तिसऱ्या आठवड्यापासून नोंदी पुन्हा दाटत गेल्या आणि दीड महिन्यात पूर्वीपेक्षाही जास्त झाल्या. माझ्याकडे येण्याआधीच्या चार आठवड्यांत ३८ नोंदी होत्या. आजार वाढला असा याचा अर्थ घरच्यांनी घेतला, चिठ्ठी लिहिणाऱ्यांनीही तोच घेतला. मी गोळ्यांच्या वेळा विचारल्या. उत्तर आले, "सकाळी आठ आणि रात्री आठ. बारा तासांचे अंतर अगदी काटेकोर पाळतो." चिठ्ठीवर 'दिवसातून दोनदा' एवढेच लिहिले असेल, तर नीटनेटका माणूस दुसरे काय करणार?

नायट्रेट गटाची औषधे शरीरात गेल्यावर नायट्रिक ऑक्साइड मोकळा करतात. हा वायू रक्तवाहिनीच्या गुळगुळीत स्नायूत ग्वानिलेट सायक्लेज या एन्झाइमला जागे करतो, त्यातून सायक्लिक जीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, पेशीतला कॅल्शियम खाली येतो आणि स्नायू सैल पडतो. हा परिणाम धमन्यांपेक्षा शिरांवर जास्त होतो. शिरा सैलावल्या की बरेचसे रक्त त्यांच्यातच थांबते, हृदयाकडे कमी परतते, कप्पा कमी भरतो आणि भिंतीवरचा ताण उतरतो. करोनरी धमन्याही काहीशा रुंदावतात, पण श्रमाने येणाऱ्या अंजायनात मुख्य आराम हृदयाचा भार हलका झाल्यामुळे मिळतो. विशेष हे की औषध आधी सापडले आणि कारण शंभरेक वर्षांनी. लॉडर ब्रन्टन यांनी १८६७ मध्ये अमाइल नायट्राइट हुंगायला देऊन दुखणे थांबवले, विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये नायट्रोग्लिसरिनचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि नायट्रिक ऑक्साइडचा उलगडा करणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना नोबेल मिळाले ते १९९८ साली.

पण नायट्रेट चोवीस तास रक्तात राहिले की शरीर त्याला सरावते. नायट्रोग्लिसरिनमधून क्रियाशील भाग सुटा करणारे एन्झाइम निकामी होत जाते, रक्तवाहिनीच्या भिंतीत ऑक्सिजनचे उपद्रवी घटक वाढून नायट्रिक ऑक्साइड खर्ची पडतो आणि शरीर रक्तवाहिन्या आवळणारी स्वतःची संप्रेरके वाढवते. या गटातल्या वेगवेगळ्या औषधांत यातल्या कशाचा वाटा किती, हे बदलते, पण शेवट एकच असतो. ही गोष्ट दवाखान्याआधी स्फोटकांच्या कारखान्यांत दिसली होती. नायट्रोग्लिसरिन हाताळणाऱ्या कामगारांचे सोमवारी डोके ठणके आणि आठवडा सरता सरता ते शमे. सुटीत संपर्क तुटला की सराव मोडे आणि सोमवारी पुन्हा तेच. काहींना तर ऐन सुटीच्या दिवशी छातीत दुखे, कारण सरावलेल्या रक्तवाहिन्या औषधाविना आवळल्या जात. आमच्या रुग्णाच्या रक्तवाहिन्यांना तशी सुटी कधी मिळतच नव्हती. बारा तासांच्या काटेकोर अंतरामुळे रक्तातली पातळी रात्रभर टिकून राही आणि दुसऱ्या दिवशी औषध असून नसल्यासारखे होई.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. दिवसातले दहा ते चौदा तास शरीर नायट्रेटमुक्त ठेवायचे. त्यांना दुखणे दिवसाच येत असल्यामुळे मोनोनायट्रेटची पहिली गोळी सकाळी आठला आणि दुसरी दुपारी तीनला, म्हणजे सात तासांनी, घ्यायला सांगितले. रात्रीची गोळी पूर्ण बंद केली. गोळ्यांची संख्या तीच राहिली.

मेटोप्रोलॉल पुन्हा ५० मिलिग्रॅमवर आणले, पण सकाळऐवजी रात्री झोपताना. दीर्घ प्रभावाची गोळी असल्यामुळे चोवीस तासांचे संरक्षण तसेच राहते आणि काही रुग्णांना दिवसाचा जडपणा त्यामुळे कमी जाणवतो. दम्याचा इतिहास नाही, ईसीजीत ठोक्याच्या वहनात अडथळा नाही, हे आधी पाहून घेतले. थकवा खरोखर सहन होत नसेल तर आपण औषध बदलू, पण मला न कळवता गोळी तोडायची नाही, असे ठरले.

राहिली जिभेखालची गोळी. ती का घेत नाही, असे विचारल्यावर तीन कारणे निघाली. पहिले, गोळी घेतली की डोके फुटेल असे ठणकते. दुसरे, फार घेतली तर सवय लागेल आणि झटक्याच्या वेळी लागू पडणार नाही. तिसरे, एकदा घेतली तेव्हा काहीच फरक पडला नव्हता, अकरा मिनिटे दुखतच राहिले. "बघू ती गोळी," म्हटल्यावर त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची चपटी डबी काढली. आत कापसावर चार गोळ्या होत्या, कडा झिजलेल्या, तळाशी पांढरी भुकटी. मूळ काचेची बाटली खिशात जड लागते म्हणून वर्षभरापूर्वी त्यांनी गोळ्या या डबीत काढून ठेवल्या होत्या. नायट्रोग्लिसरिन सहज उडून जाणारे द्रव्य आहे आणि प्लॅस्टिक व कापूस दोन्ही ते शोषून घेतात. त्या डबीत गोळीचा आकार उरला होता, औषध उरले नव्हते. खरोखरचा झटका आला असता तर त्यांनी भरवशाने ती जिभेखाली ठेवली असती, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

नवी बाटली दिली आणि मूळ गडद काचेच्या बाटलीतच, घट्ट झाकण लावून ठेवायचे बजावले. सवयीची भीती तर्काला धरून नव्हती: या गोळीचा परिणाम एक ते तीन मिनिटांत सुरू होतो, अर्ध्या तासात संपतो, तेवढ्यात शरीर सरावत नाही. डोके ठणकते ते डोक्यातल्या रक्तवाहिन्याही त्याच नायट्रिक ऑक्साइडने रुंदावतात म्हणून. दुखणे शमल्यावर गोळीचा उरलेला तुकडा थुंकून टाकता येतो. गोळी गिळायची का नाही, हेही सांगितले. गिळलेले नायट्रोग्लिसरिन हृदयापर्यंत पोचण्याआधी यकृत त्यातले बहुतेक निकामी करते, जिभेखालच्या शिरांतून ते थेट रक्तात जाते. घेताना बसावे, कारण रक्तदाब उतरून उभ्याउभ्या भोवळ येऊ शकते. पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही तर वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवावी, हा नियम त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला. आणि जिना चढणे अटळ असेल तेव्हा पाच मिनिटे आधीच गोळी घ्यावी, हे ऐकून तर त्यांना आश्चर्य वाटले. दुखण्याआधी घ्यायची गोळी म्हणून तिच्याकडे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

एक प्रश्न मी त्यांच्या पत्नी बाहेर गेल्यावर विचारला. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलसारखे लैंगिक दुर्बलतेवरचे औषध कधी घेता का? सायक्लिक जीएमपी नष्ट करणारे एन्झाइम ही औषधे अडवतात, तर नायट्रेट तोच जीएमपी वाढवते. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. सिल्डेनाफिलनंतर चोवीस तास आणि टाडालाफिलनंतर अठ्ठेचाळीस तास नायट्रेट वर्ज्य आहे. ते घेत नव्हते, पण हा प्रश्न संकोचापायी टाळणे परवडत नाही.

चार आठवड्यांनी वही पुन्हा पाहिली. ३८ च्या जागी १३ नोंदी होत्या, शेवटच्या रकान्यात आता 'होय' दिसत होते, नाडी ६२ वर आली होती. थकवा होता, पण सोसण्याजोगा. एकही नवे औषध न देता इतका फरक पडला.

उरलेल्या त्रासासाठी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम जोडले. धमन्यांच्या स्नायूत कॅल्शियम ज्या वाटेने शिरतो ती वाट हे औषध अडवते, त्यामुळे धमन्या सैलावतात आणि हृदयाला कमी दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. याच गटातले व्हेरापॅमिल हृदयाची गतीही मंदावते, म्हणून ते बीटा ब्लॉकरसोबत देत नाहीत. दोघांनी मिळून ठोके धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. डिल्टियाझेमलाही तीच सावधगिरी लागते. अॅम्लोडिपिनचा हा धोका नसतो. सहा आठवड्यांनी दुखणे आठवड्यातून एकदा इतके उतरले, मात्र संध्याकाळी घोट्यांवर मोज्यांच्या कडा रुतू लागल्या. ही सूज शरीरात पाणी साठल्यामुळे येत नाही. लहान धमन्या रुंदावतात, शिरा मात्र तितक्या रुंदावत नाहीत, मग केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपते. म्हणून लघवीची गोळी इथे फारशी उपयोगाची नसते. आम्ही अॅम्लोडिपिन निम्मे केले आणि रक्तदाबासाठी रॅमिप्रिल सुरू केले, जे शिरांची बाजूही मोकळी करून ही सूज कमी करायला मदत करते. तीन आठवड्यांत घोटे पूर्ववत झाले.

रॅनोलाझिन लागलेच नाही. ते पेशीत उशिरा झिरपणारा सोडियमचा प्रवाह अडवून कॅल्शियमचा साठा टाळते, नाडी आणि रक्तदाब यांना फारसे हात लावत नाही, म्हणून रक्तदाब मुळातच कमी असलेल्या रुग्णांत ते मोलाचे ठरते. पण ते ईसीजीतले क्यूटी अंतर वाढवते आणि इतर अनेक औषधांशी त्याचे जमत नाही. आयव्हाब्रॅडिन, निकोरँडिल, ट्रायमेटाझिडिन हेही पर्याय आहेत, त्यांची गरज इथे आली नाही. ऍस्पिरिन ७५ मिलिग्रॅम आणि अॅटोरव्हास्टॅटिन पूर्वीपासून चालू होते आणि तसेच ठेवले. दुखण्यावर त्यांचा परिणाम जाणवत नाही म्हणून रुग्ण तीच औषधे आधी सोडतात, वास्तविक झटका आणि मृत्यू टाळण्याचे काम तीच करतात.

अँजिओप्लास्टीविषयी गृहस्थांनी थेट विचारले आणि त्यांना थेट उत्तर देणे मला गरजेचे वाटले. स्थिर अंजायनात, डावी मुख्य धमनी मोकळी असताना, आधी औषधे देऊन पाहिल्याने मृत्यूचा धोका वाढत नाही, हे २००७ च्या करेज आणि २०२० च्या इस्केमिया या मोठ्या अभ्यासांतून दिसले आहे. त्याच वेळी इस्केमियात वारंवार दुखणाऱ्या रुग्णांना अँजिओप्लास्टी किंवा बायपाससारख्या हस्तक्षेपाने जास्त आराम मिळाला, हेही खरे आहे. म्हणजे हा प्रश्न आयुष्य वाढवण्याचा नसून आरामाचा आहे आणि आराम किती पुरेसा, हे रुग्णाने ठरवायचे. त्यांनी थांबायचे ठरवले.

चौथ्या महिन्यातल्या भेटीत वहीत शेवटच्या तीन आठवड्यांच्या दोनच नोंदी होत्या. दोन्ही सकाळी सात ते साडेसातच्या दरम्यानच्या, फिरायला निघाल्यावरच्या. नायट्रेटमुक्त रात्रीच्या अगदी टोकाला, पहिल्या गोळीच्या आधी, काही रुग्णांना असे दुखते. म्हणून सकाळची गोळी उठल्याउठल्या साडेसहाला आणि दुपारची दीडला आणली, आणि फिरायला एक तासाने निघायला सांगितले. पुढच्या भेटीला वही आणायची आहे, आणि काचेची बाटलीही.